जर्मन खोल, रशियन उथळ

रविवारी संध्याकाळी भोपाळच्या कारखान्याची सगळी टाउनशिप टीव्हीपुढे सिनेमाला बसायची, आणि नरहर देशकर साहेबांच्या बंगल्यात मात्र पाश्चात्त्य संगीताचं श्राद्ध घातलं जायचं. श्राद्धच म्हणायचं ते. बसणारे ठरलेले, मंत्र ठरलेले, आणि सगळ्यांचा डोळा प्रमिलाबाईंच्या कचोऱ्यांवर.

देशकर साहेब कारखान्यात टर्बाइन विभागाचे मोठे अधिकारी. तरुणपणी ट्रेनिंगसाठी जर्मनीला जाऊन आले होते, आणि येताना रेकॉर्डींबरोबर एक सुस्काराही घेऊन आले होते. द्वोर्झाक या त्यांच्या लाडक्या संगीतकाराचं नाव घ्यायचं झालं की आधी सुस्कारा, मागून नाव. त्यांच्या हाताखालच्या गोविंदरावांनी तो सुस्कारा जसाच्या तसा उचलला होता. जर्मनीला न जाता.

वैजयंतीला या दोघांची शिसारी यायची. ती ग्वाल्हेरची, गाणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेली. सूर नीट ऐकू येत नसला की माणूस डोळे मिटून मान हलवतो, असं तिचे बाबा म्हणायचे. इथे तर साऱ्या माना पंख्यासारख्या फिरत. तरी ती दर रविवारी नवऱ्याबरोबर, विलासबरोबर, पोरीला काखोटीला मारून हजर व्हायची. ते त्या दुसऱ्या तबकडीसाठी.

साहेबांकडे द्वोर्झाकचा एकच चेलो कॉन्चेर्टो, म्हणजे चेलो या थोराड व्हायोलिनची वाद्यवृंदाबरोबरची रचना, दोन तबकड्यांवर होता. एक जर्मनीहून आणलेली, गुळगुळीत वेष्टनातली. दुसरी रशियन, पुस्तकांच्या प्रदर्शनात मिळालेली, वेष्टन धान्याच्या पोत्याच्या रंगाचं. दोघींची तुलना करायची हा साहेबांचा लाडका उद्योग. निकाल आधीच लागलेला असे. रशियन उन्हं असताना, चहाच्या आधी, कशीबशी उरकायची. जर्मन दिवेलागणीला, ट्यूबलाइट बंद करून. "हिची वेळच ती आहे," साहेब म्हणत. जणू द्वोर्झाकने संध्याकाळचा मारवाच बांधला होता.

पण त्या रशियन माणसाचा चेलो! सगळा वाद्यवृंद कितीतरी वेळ गरजून घ्यायचा आणि मग तो यायचा, उशिरा आलेल्या घरच्या कर्त्या माणसासारखा. सगळे सरकून त्याला वाट द्यायचे. मांडीवरची पोर मंगळसूत्र मुठीत धरून गप्प व्हायची, तिचा घामेजलेला टाळू वैजयंतीच्या हनुवटीला लागायचा. आठवडाभर घरात तिचं एक वाक्य धड पुरं होत नसे. कुकर तरी ओरडायचा, नाहीतर पोर. हा चेलो तिची वाक्यं पुरी करायचा.

त्या रविवारी साहेबांनी जाहीर केलं, "आज शेवटची तुलना. कपाटात जागा उरली नाही. रशियन काढून टाकतोय."

"टाकताय म्हणजे?" वैजयंतीच्या तोंडून निघून गेलं.

"भंगारवाला येतो की बुधवारी!"

रशियन वाजली. वैजयंती ती अधाशासारखी ऐकत राहिली. गोविंदराव कचोरी मोडत म्हणाले, "पळतोय हो नुसता. हबीबगंज स्टेशनवर गाडी पकडायचीय वाटतं याला."

साहेब खूष झाले. मग कचोऱ्या संपल्या, अंधारून आलं, ट्यूबलाइट बंद झाली आणि जर्मन सुरू झाली.

"आहाहा! काय खोली! काय खर्ज!"

वैजयंतीने रशियनचा सूर मनात धरून ठेवला होता. ती तो अगदी बारीक गुणगुणली आणि चमकली. जर्मनची पट्टी उतरलेली होती. तीच रचना, तेच स्वर, मग पट्टी खाली कशी? आणि चालही अशी, पोट भरलेल्या म्हशीसारखी? डोक्यावरचा पंखाही जरा दमल्यासारखाच फिरत होता. विलास रोज या वेळेला घरी भिंतीवरच्या विजेच्या घड्याळाकडे बघून कुरकुरायचा, "पडली बघ फ्रिक्वेन्सी. सगळ्यांचे दिवे आणि कूलर लागले की करंट धापा टाकतो, घड्याळ मागे पडतं." घड्याळ मागे पडतं, तर रेकॉर्डची थाळी का नाही पडणार? तीही त्याच करंटवर फिरणारी.

म्हणजे ही जर्मन खोली भोपाळच्या कूलरांनी खणली होती! आणि साऱ्या देशासाठी वीज तयार करणारी यंत्रं घडवणारी ही विद्वान मंडळी तिच्यात डोळे मिटून बुडाली होती. तिला इतकं हसू आलं की पोरीच्या जावळात तोंड लपवावं लागलं.

विलासच्याही लक्षात आलं. तो पुढे सरकला. "साहेब, आत्ता फ्रिक्वेन्सी—"

वैजयंतीने त्याच्या मांडीला कडकडून चिमटा काढला.

"काय रे विलास?"

"काही नाही साहेब. डास."

तबकडी संपली. साहेबांनी दिवा लावला आणि ऐटीत तिच्याकडे वळले. "बोला वैजयंतीबाई. तुम्ही रशियनच्या वकील. अजून तेच म्हणणं?"

किती महिने ती याच खुर्चीत बसून एकटी भांडली होती. गोविंदराव आत्ताच हसायच्या तयारीत होते.

"नाही साहेब," ती म्हणाली. "तुमचीच खोल. ही उथळच आहे."

रशियनची तिने मनातल्या मनात माफी मागितली. मग वाटलं, गोऱ्यागोमट्या पोरालाही दृष्ट लागू नये म्हणून बाया 'काळं आहे हो मेलं' म्हणतातच की.

"आलात ना वळणावर!" साहेब गरजले.

"टाकायचीच असेल तर मला द्या. हिला खेळायला होईल."

"अरे भई, खेळायला! प्रमिला, ऐकलंस? घ्या, घ्या. बाळराणी चावेल तर आवाज सुधारेल तिचा!"

गोविंदराव ठसका लागेपर्यंत हसले. प्रमिलाबाईंनी तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. सिनेमा अर्धा बुडाल्याने त्या घाईत होत्या.

स्कूटरवर वैजयंती पोर आणि तबकडी दोन्ही छातीशी धरून बसली. चौक ओलांडल्यावर विलासने विचारलं.

"वैजू, चिमटा का काढलास? साहेबांना कळायला नको होतं?"

"कळलं असतं तर दोन्ही दुपारी लावून पाहिल्या असत्या, आणि दोन्ही ठेवून घेतल्या असत्या."

"आणि वाजवणार कशावर?"

"ग्वाल्हेरला बाबांकडे सेलवरचा प्लेअर आहे, तो आणू. तुझ्या फ्रिक्वेन्सीची भानगडच नाही."

विलास हसला. इंद्रपुरीच्या वळणावर त्याने स्कूटर हळू केली. "पुढच्या रविवारी साहेब विचारतील, मिसेस का नाही आल्या."

"सांग, माझ्या बायकोला कान नाही."

"असं सांगू?"

"सांग ना. खूष होतील."