रुग्णालयाकडे वळवणारी पाटी

मित्रांनो, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या टालबर्न गावाच्या वेशीवर उभी असलेली मी एक जुनी निळी पाटी आहे. माझ्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत ‘रुग्णालय’ लिहिले आहे आणि खाली डावीकडे वळणारा बाण आहे.

मला इथे रोवले तेव्हा मोठा अभिमान वाटला होता. शेंगदाण्याच्या गिरणीत बोट कापलेला मजूर असो की तापाने फणफणलेले पोर, सगळे माझ्याकडे पाहून वळत. मजूर बरा होऊन पुन्हा कामावर जाई आणि त्याच्या पगारावर गावातली दुकाने चालत.

पुढे गावात टायरचा कारखाना यावा म्हणून नगराध्यक्ष प्रुइट यांनी कर कमी केले आणि खर्च वाचवायला रुग्णालयाला टाळे ठोकले. रस्त्यांची कामे करणारा हॉयट मला उतरवायला आला.

“राहू दे रे तिला,” नगराध्यक्ष म्हणाले. “कारखानेवाले बघायला येणारेत. पाटी दिसली की झालं, आत कोण डोकावतंय?”

“आणि साहेब, कुणी आजारी माणूस वळला तर?”

“गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तू उगाच फाटे फोडू नकोस.”

गिरणीत नुकत्याच कामाला आलेल्या रोस्कोला आणि त्याच्या बायकोला, अर्लीनला, ते ठाऊक नव्हते. अर्लीनला कळा सुरू झाल्या होत्या. “धीर धर गं, ही बघ पाटी आली,” म्हणत रोस्कोने गाडी वळवली. टाळे पाहून तो परत फिरला, तोवर तिला रक्तस्राव होऊ लागला होता. शेजारच्या जिल्ह्यातले रुग्णालय तासाभराच्या वाटेवर होते. ती आणि बाळ वाटेतच गेली.

दोघांना मूठमाती देऊन रोस्को माझ्यापाशी आला. “तुझ्या भरवशावर वळलो होतो गं,” म्हणाला आणि गाडीच्या जॅकच्या दांड्याने त्याने मला ठेचले. मला दुखले नाही, लाज वाटली.

हॉयटने पोचे काढून मला पुन्हा रंगवले. मग कारखानेवाले आले. तेही बाणाप्रमाणे वळले आणि टाळे बघून परत आले. “यंत्रात कामगाराचा हात गेला तर न्यायचं कुठे?” एवढे विचारून ते जे गेले ते गेलेच. रोस्कोने गाव सोडले, त्याच्यामागे बाकीचे तरुण गेले, गिरणीही बसली. कर अजून कमीच आहेत, भरायला माणसे उरलेली नाहीत.

आता म्हणे दुसरे कारखानेवाले येणार आहेत. “बाण जरा ठळक कर,” असे नगराध्यक्ष हॉयटला सांगून गेले.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. रुग्णालय उघडता येत नसेल तर मला उपटून फेकून द्या. आत्ताच एक परगावची गाडी डावीकडे वळली. मागच्या सीटवर कुणीतरी कण्हत होते.