पेल्याखालची डिस्क

आठवीपर्यंत रुचिराचा आवाज वर्गात कोणी ऐकलाच नव्हता, असं म्हटलं तरी चालेल. हजेरीला "प्रेझेंट" म्हणायची तेही वहीकडे बघून. नववीच्या जूनमध्ये मात्र एकदा वर्गात बोलायला कोणी उठेना, म्हणून शर्मिष्ठा मॅडमनी तिला उभं केलं. ती बोलली, वर्ग हसला, आणि त्या हसण्याची तिला चटकच लागली. मग गॅदरिंगचं सूत्रसंचालन तिचं, शिक्षक दिनाचं भाषण तिचं, डब्याच्या सुट्टीत मधोमध बसून बडबड तिची. आई म्हणायची, या कार्टीचं तोंड आता फक्त झोपेत बंद असतं, तेही रोज नाही.

तर अशा रुचिराच्या हाती डिसेंबरात वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी लागली. विषय मुलांनीच हात वर करून निवडला होता: गेम डिस्कवर घ्यावा की डाउनलोड करावा. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरली. नववी 'ब'च्या चैतन्यला डिस्क आली, रुचिराला डाउनलोड.

आता खरी गोष्ट अशी, की रुचिराने आयुष्यात एकही गेम विकत घेऊन डाउनलोड केला नव्हता. त्यांच्या घरी वायफाय नव्हतं. आईच्या मोबाइलचा दिवसाचा दोन जीबी डेटा दुपारपर्यंत संपायचा, तिथे नव्वद जीबीचा गेम कुठून उतरणार? मामाने त्याचा जुना कन्सोल दिला होता. तो होता टीव्हीखाली, पण त्यात आत्तापर्यंत जी जी डिस्क गेली ती समोरच्या दारातून आली होती, सुबोधकाकांच्या.

सुबोधकाका मुलुंड स्टेशनजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात काम करायचे. गिऱ्हाइकाच्या फ्रेमच्या मापाने काच घासायची आणि बसवायची, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. घरी ते आणि त्यांची आई, रत्नप्रभा आजी. शौक एकच, गेमचा. जुन्या बाजारातून शोधून शोधून आणलेल्या साठ-सत्तर डिस्का त्यांनी देवघराखालच्या फळीवर ओळीने लावल्या होत्या. बिल्डिंगमधल्या कुठल्याही पोराने मागावी आणि त्यांनी द्यावी. रुचिरा तर दुसरीत असल्यापासून न विचारता उचलून आणायची. एक मात्र त्यांनी तिला बजावून शिकवलं होतं. डिस्क बोटाने भोकात धरायची, कडेने धरायची, आणि पुसायची ती मधून बाहेर, सरळ. गोल फिरवून कधीच पुसायची नाही. सरळ ओरखडा मशीन चालवून घेतं, गोल ओरखड्यावर अडकून बसतं. चष्मा पुसायच्या मऊ फडक्याने ते स्वतः अशी एकेक डिस्क पुसत, फुंकर मारत, उजेडात तिरकी धरून एक डोळा मिटून बघत. बघताना त्यांची जीभ थोडीशी बाहेर यायची.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी रुचिरा त्यांच्याकडे गेली. म्हणाली, काका, शाळेत गेमच्या डिस्कांबद्दल भाषण आहे, दाखवायला दहाएक देता का? कुठल्या बाजूने बोलणार ते तिने सांगितलं नाही. त्यांनी विचारलंच नाही, मग कशाला सांगा, असं तिने स्वतःला समजावलं. काकांनी तासभर खपून अकरा डिस्का काढल्या, प्रत्येक पुसली, वेष्टणांवरची धूळ झटकली आणि कापडी पिशवीत घालून दिल्या. वर त्यांचा सगळ्यात आवडता गाड्यांच्या शर्यतीचा गेम ठेवला. हा आता डाउनलोडला मिळत नाही, ऑनलाइन दुकानातून काढून टाकलाय, एवढं नक्की सांग, म्हणाले. तुम्हीपण या ना काका, असं रुचिरा जिना उतरता उतरता म्हणाली. म्हणायचं म्हणून.

शनिवारी हॉल भरला होता. चैतन्य पहिला बोलला. मुलगा हुशार, पण कागद हातात, आवाज मवाळ. म्हणाला, डिस्क घेतली की ती आपली होते. मित्राला देता येते, शेजाऱ्याला देता येते. डाउनलोड कितीही पैसे भरून घ्या, दुसऱ्याच्या हातात ठेवता येत नाही. मुद्दा चांगला होता. पण मागच्या रांगांत कुजबुज सुरू झालेली.

मग रुचिरा उठली. तिने तयारी केली होती ती साधीच: जागा वाचते, डिस्क हरवत नाही, घरबसल्या गेम मिळतो. पण पहिल्याच वाक्याला हॉल हसला आणि तिचा घोडा सुटला. वन बीएचकेमध्ये माणसं झोपवायची की डिस्का, असं तिने विचारलं. टाळ्या आल्या. मग तिने पिशवीतली सगळ्यात वरची डिस्क काढली, बोटावर धरली, हं करून फुंकर मारली, जीभ बाहेर काढली, एक डोळा मिटला. "आमच्याकडे एक काका आहेत," ती म्हणाली, "ते डिस्क अशी बघतात, जशी लोक स्थळाची पत्रिका बघतात. म्हणूनच बहुतेक त्यांचं लग्न राहून गेलं."

हॉल फुटला. पोरं बाकं बडवायला लागली. आणि तेव्हा तिला ते सुचलं. टेबलावर वक्त्यांसाठी पाण्याचा स्टीलचा पेला होता. तिने डिस्क टेबलावर ठेवली, चकचकीत बाजू वर, त्यावर पेला ठेवला आणि तो गोल गोल फिरवला. "पण अगदीच टाकाऊ नाही हां. पेल्याखाली झकास बसते."

चैतन्यला एक प्रश्न विचारायची मुभा होती. त्याने कागद खाली ठेवला आणि विचारलं, "तू आत्तापर्यंत खेळलेल्या गेमपैकी स्वतः डाउनलोड केलेले किती?"

रुचिराने क्षणभर पिशवीकडे बघितलं. पण हॉल अजून तिचाच होता. "सगळे," ती म्हणाली. "एकही उसना नाही. कोण देतो रे हल्ली कोणाला?"

चैतन्य खाली बसला. कप रुचिराला मिळाला.

फोटो काढून झाल्यावर ती पिशवी भरत होती, तेव्हा तिला दिसलं. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवरून सुबोधकाका उठत होते. दुकानातून अर्धी सुट्टी घेऊन आले असणार. इस्त्रीचा शर्ट होता, गणपतीत घालायचे तो. ते पुढे आले, तिच्या डोक्यावर टप्पल मारली, छान बोललीस, एकदम बिनधास्त, म्हणाले. पिशवी जड असेल, दे, असं म्हणून तिच्या हातातून घेतली आणि निघाले. पेल्याखालची डिस्क अजून टेबलावरच होती. ती त्यांनी परत येऊन उचलली. बोट भोकात घालून, कडेने.

रविवारी दुपारपर्यंत रुचिरा घराबाहेर पडली नाही. आईला वाटलं दमली असेल. आईने तिच्या कपाचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला होता आणि अंगठे, फुलं, टाळ्या येतच होत्या. सुबोधकाकांचाही अंगठा होता. रुचिराने तो मोठा करून बघितला, जणू त्यात राग दिसेल. अंगठा तो अंगठाच. तिला वाटलं, त्यांनी ओरडावं, आईकडे तक्रार करावी, म्हणजे निदान रडता तरी येईल. दुसरीपासून त्या दारातून ती चप्पल न काढता आत शिरायची. आता ते दार दहा पावलांवर होतं आणि तिचे पाय उचलत नव्हते. आपण त्या घरात पुन्हा मान वर करून जाऊ शकणार की नाही, एवढाच प्रश्न तिला कालपासून कुरतडत होता. कप तिने कपाटावर, बॅगांच्या मागे ढकलून दिला होता.

चार वाजता आईनेच हातात शिऱ्याची वाटी दिली. सुबोधभाऊजींना नेऊन दे, काल मुद्दाम आले होते बिचारे. नाही म्हणायला कारण सुचेना. ज्या मुलीला स्टेजवर पाऊण मिनिटात तीन विनोद सुचले, तिला एक सबब सुचली नाही.

दार उघडंच होतं. काका खिडकीशी स्टूलवर बसले होते, मांडीवर फडकं, हातात ती डिस्क. दुकानातून काच घासायची पांढरी पेस्ट आणली होती. बोटाने थोडी लावून मधून बाहेर, मधून बाहेर, हळूहळू चोळत होते. रुचिराला दारातूनच दिसलं. उजेडात डिस्कवर एक गोल रेघ चमकत होती, जणू कोणी कंपासने काढावी तशी.

रत्नप्रभा आजी पलंगावर लसूण सोलत होती. रुचिराला बघून तिचा चेहरा फुलला.

"इलंस गो? ये. तू काल सुबोधाची नक्कल केलंस म्हणे. सगळी शाळा हसली म्हणे, तोच सांगत होतो माका. माका दाखव बगया."

रुचिराच्या हातातली वाटी गरम होती, ती तशीच धरून उभी राहिली.

"दाखव ना गो. लाजतंस कित्याक? शाळेत नाय लाजलंस."

काकांनी वर बघितलं नाही. पण हात थांबला होता. आजीने लसणाची सुपली बाजूला सारून पाय वर घेतले आणि खेळ सुरू व्हायची वाट बघत बसली. लहान मूल बसतं तशी. तिला खरंच बघायचं होतं. आपल्या मुलाची नक्कल म्हणजे त्याचं कौतुकच, याहून वेगळं काही असेल हे तिच्या मनातही नव्हतं.

"नाही जमत आजी," रुचिरा म्हणाली.

"अगो, असा कसा नाय जमत?"

"आई, तू जरा चहा टाक," काका म्हणाले. आजी कुरकुरत, गुडघ्यांवर हात देत आत गेली.

रुचिराने वाटी फळीवर ठेवली. काल रात्रीपासून तिने माफीची चांगली चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. चालते का, एवढंच तिने विचारलं. काकांनी नाही अशी मान हलवली. सुरू होते, म्हणाले, दुसऱ्या शर्यतीला अडकते. मशीन घरघर करतं आणि काढून टाकतं.

"मी दुसरी शोधून आणीन."

"मिळायची नाही. जाऊ दे. वस्तू आहे, खराब व्हायचीच." त्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. "रुचिरा, तू विरुद्ध बाजूने बोलणार हे मला सांगितलं असतंस ना, तरी मी डिस्का दिल्या असत्या. फक्त हॉलमध्ये आलो नसतो. पहिल्या रांगेत जागा होती, मी मुद्दाम मागे बसलो, म्हटलं पोरगी मला बघून अडखळेल. तू सांगशील, ही डिस्क आमच्या काकांची, असं वाटलं होतं. शर्टबिर्ट घालून आलो वेड्यासारखा."

तिने मान खाली घातली. फरशीवर एक लसणाची पाकळी पडली होती. ती उचलावी की नाही हेही तिला कळेना.

"लग्नाचं बोललीस त्याचं काही नाही," ते पुढे म्हणाले. "ते दुकानातपण बोलतात. पण त्या पोराने नीट प्रश्न विचारला होता."

"मी खोटं बोलले काका. एकपण डाउनलोड केलेला नाही. सगळे तुमचेच."

"मला कशाला सांगतेस? मला माहीत आहे ना. ज्याने विचारलं त्याला सांग."

"सगळे हसतील."

"हसतील," काका म्हणाले. "जाऊन ये. मग बघू."

चहा तिने कसाबसा घेतला. आजी शेवटपर्यंत रुसून होती, एवढीशी नक्कल दाखवली नाही म्हणून.

सोमवारी डब्याच्या सुट्टीत चैतन्य नळाजवळच्या कट्ट्यावर एकटाच पोहे खात होता. रुचिराच्या मैत्रिणींनी लांबूनच हाका मारायला सुरुवात केली, कप कुठे ठेवलास, पार्टी कधी. ती वळली नाही. त्याच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात सांगून टाकलं. शून्य. सगळे शेजारच्या काकांचे. टेबलावरची डिस्कपण त्यांचीच, आणि ती आता चालत नाही.

चैतन्यने डब्याचं झाकण लावलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"घरी बाबा मला म्हणाले, तुझा मुद्दाच चुकीचा होता, हल्ली कोण कोणाला काय देतं," तो म्हणाला. "मलापण तेच वाटलं. मी कालच माझ्या तीन डिस्का विकायला काढल्या."

"विकल्यास?"

"अजून नाही."

"विकू नको."

"मग हे तू मला नळावर का सांगतेस?" तो म्हणाला. "तेव्हा मी एकटा नव्हतो ऐकायला."

सुट्टीनंतर शर्मिष्ठा मॅडमचा तास होता आणि त्या तासाला 'अ' आणि 'ब' एकत्र बसायचे. रुचिराने हात वर केला. मॅडम कौतुकाने हसल्या. म्हणाल्या, या विजेत्या, आता काय नवीन? वर्गात आधीच खसखस पिकली. रुचिरा काहीही बोलली तरी हसायचं, ही सवय तिनेच तर लावली होती त्यांना.

ती पुढे जाऊन उभी राहिली. नजर आठवीतल्यासारखी खाली गेली. ती बोलली, पण समोरच्या बाकाशी बोलावं तसं, आणि मधेच "म्हणजे" म्हणून थांबली.

"ऐकू येत नाही मागे," कोणीतरी ओरडलं. "हिला माइक द्या रे."

हसू परत उसळलं. चैतन्य हसला नाही, आपल्या वहीकडे बघत बसला. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तेवढ्यात गेलं होतं, त्यांनी ऐकलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, बस रुचिरा, नंतर बोलू आपण स्टाफरूममध्ये.

सुटका होती ती. बसता आलं असतं. रुचिराने मान हलवली, फळ्याला पाठ टेकली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. कोणाच्या डिस्का, किती डाउनलोड केले, चैतन्यला काय खोटं उत्तर दिलं, पेला कसा फिरवला. जिथे परवा टाळ्या पडल्या होत्या, तिथे तिथे आता ती एकटीच बोलत होती. हसू आधी मधल्या रांगांतलं थांबलं, मग मागचं. तिचा चेहरा कानापर्यंत तापला होता, पण आवाज या वेळी शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता.