निरोगी गटातली डासताई

"बाई, ती नळी माझ्याच हातून हिंदकळली असणार! अभ्यासातून काढून टाका ना तिला!"

डासताई इतक्या जोरात बोलली, की फ्रीझरपाशी उभे असलेले बर्फकाका दचकलेच. सुई टोचलेली कळतसुद्धा नाही म्हणून रक्त काढणाऱ्या या ताईचं नाव साऱ्या प्रयोगशाळेने डास ठेवलं होतं. नळी आपण बिघडवली, हे ती जन्मात पहिल्यांदाच म्हणत होती. आणि तसंच झालेलं असू दे, म्हणून मनातल्या मनात हात जोडत होती.

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला सूज येते, छाती धडधडते, हात थरथरतात, तो आजार रक्तात वाहणाऱ्या मायक्रो-आरएनएच्या चिमुकल्या तुकड्यांवरून ओळखता येईल का, हे डॉक्टरीणबाई शोधत होत्या. ताडून बघायला निरोगी माणसं कमी पडली, तेव्हा "माझं घ्या, मी ठणठणीत!" म्हणत डासताईने स्वतःच स्वतःला सुई टोचली होती. आज संगणकाच्या पडद्यावर निरोगी माणसांच्या ठिपक्यांचा घोळका एका बाजूला, आणि तिचा ठिपका मात्र थेट आजाऱ्यांच्या मांडीवर जाऊन बसलेला!

"घाबरू नका हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही खूण अजून पक्की कुठे ठरलीय? नळी हलून तांबड्या पेशी फुटल्या, तरी आकडे बिघडतात."

"तेच म्हणतेय मी! फुटल्याच असणार!"

"तुझ्या हातून?" काका हसले. "अगं, तू झोपेत काढलंस तरी..."

"काका, आज कौतुक नको. शिव्या द्या हवं तर!"

काकांचं हसू विरलं. त्यांनी तिच्या रक्तातून पेशी वेगळ्या करून गोठवलेल्या पाण्याची उरलेली कुपी फ्रीझरमधून बाहेर काढली. वितळल्यावर पाणी गुलाबी दिसलं, तर पेशी फुटल्या. गुलाबी दिसलं, तर ती सुटली.

कुपी वितळेना. डासताईच्या छातीत धडधडत होतं. हल्ली सारखंच धडधडायचं. ती जिन्याला दोष द्यायची. परवा भाजी चिरताना बोटं थरथरली, तेव्हा लेक म्हणाली होती, "आई, थंडी वाजतेय का तुला?" वाजत नव्हती. हात थरथरला तर ती कोण? कोणाच्या शिरेला हात लावणार?

काकांनी कुपी उजेडात धरली. फिकट पिवळं, नितळ पाणी.

"एकही पेशी फुटलेली दिसत नाही गं," ते म्हणाले. जणू त्यांचाच गुन्हा होता.

"थायरॉइडची नेहमीची तपासणी करू. आत्ताच," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "बसा."

डासताई रक्त देणाऱ्यांच्या खुर्चीत बसली. या बाजूने ती कधी बसलीच नव्हती.

"काका, तुम्ही काढा."

"मला सवय राहिली नाही. दुखेल."

"दुखू दे."

तिने बाही वर केली, मूठ आवळली. या खुर्चीतल्या प्रत्येकाला ती लाडाने म्हणायची, "तिकडे बघा हं, तिकडे!" आज तिला तसं म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. ती जवळ येणाऱ्या सुईकडेच बघत राहिली.