वडगावची वरात, जशीच्या तशी

सम्राटला बेंजोचं येड होतं. साधंसुधं नव्हे. रांजणगावच्या कंपनीत बाकीची पोरं आजारी पडली की सुट्टी मागायची. हा गडी बिरदेव मास्तरांच्या बेंजो पार्टीची सुपारी कुठल्या गावची आहे ते बघून आजारी पडायचा.

वरात कुणाची, नवरा कोण, याला काही देणंघेणं नाही. बेंजोच्या गाडीपुढं फोन वर धरून हा उलटा चालायचा. एकदा असाच गटारात गेला, पण फोन वरच! मग ते रेकॉर्डिंग आपल्या चॅनेलवर टाकायचा. लोक गाणं नावानं ओळखतात, हा गावानं ओळखायचा. न्हावऱ्याची हळद, तळेगावची मिरवणूक, आणि सगळ्यात गाजलेली वडगाव रासाईची वरात. कारण मास्तर एक चाल दोन ठिकाणी सारखी वाजवायचे नाहीत. भीमगीतातून लावणीत आणि लावणीतून कव्वालीत कधी उडी मारतील, त्यांचं त्यांनाही ठाऊक नसायचं.

अशात याचंच लग्न ठरलं. घरची माणसं बौद्ध, मुहूर्त बघायचा प्रश्नच नव्हता. पण मास्तरांची मोकळी तारीख बघायला धर्म काही आडवा आला नाही. त्या तारखेपायी लग्न उन्हाळ्यातून दिवाळीपल्याड गेलं. दौंडची मोनाली, होणारी नवरी, फोनवर म्हणाली, "लगीन माझ्याशी करताय का मास्तरांशी?"

"तुझ्याशीच गं. पण वाजवणार तर मास्तरच ना!"

त्याला एकच हवं होतं. आपल्या वरातीला मास्तरांनी आजवर कुणी ऐकलं नाही असं काही वाजवावं, आणि ते आपल्या नावानं राहावं. एवढंही मागू नये का माणसानं?

तळेगाव ढमढेऱ्यात लग्न लागलं, संध्याकाळी वरात निघाली. नवरा-नवरी सजवलेल्या जीपमध्ये. सम्राटनं आपला फोन स्टँडला लावून महेंद्रच्या, म्हणजे जिवलग मित्राच्या हातात दिला होता. मास्तरांनी बेंजोवर हात टाकला आणि चार सुरांतच सम्राटचं तोंड उतरलं. अरे, हे तर वडगावचं! वळणं तीच, लावणीही तिथंच. मग मास्तर मध्येच थांबले. वडगावला याच जागी जनरेटर गचकला होता. इथं जनरेटर ठणठणीत, तरी बेंजो गप्प. आणि नाचणारी सगळी पोरं हात वर करून जागच्या जागी उभी, कारण व्हिडिओत तसंच होतं! मग पुन्हा धडाड् करून सुरू.

सम्राट फेटा सावरत जीपमधून खाली उतरला. "मास्तर, हे काय? हे तर वडगावचं हाय!"

मास्तरांनी गमछ्यानं तोंड पुसलं. "बाबा, तूच टाकलंस ना ते? आता कुठंबी जावा, लोक फोन तोंडापुढं धरत्यात. असंच पायजे, जसंच्या तसं. माझ्या पोरांनी तुझ्याच व्हिडिओवरनं पाठ केलंय, जनरेटर गेल्यालासुदिक. आन् तुझ्या लग्नात म्हटलं, एक सूर इकडचा तिकडं झाला तर तू आमची अब्रू काढशील."

सम्राटला रडूच फुटलं. "एकदा नवं वाजवा, मास्तर. पाया पडतो."

मास्तरांनी गमछा खांद्यावर टाकला. मग पोरांना म्हणाले, "हात सैल सोडा रं," आणि डोळे मिटून वाजवायला लागले.

नाचणारे थांबले. "ओ मास्तर, वडगावचं लावा की!" असा ओरडा सुरू झाला. सम्राटनं मागं वळून पाहिलं, तर महेंद्र स्टँड काखेत मारून निवांत आइस्क्रीम खातोय! नवरदेव गर्दीतून घुसत त्याच्यापाशी गेला.

"अरं, रेकॉर्डिंग?"

"मला वाटलं काहीतरी चुकलंय. म्हटलं, नीट सुरू झालं की घेऊ."

फोन हिसकावून घेतला, तर मेमरी फुल्ल. जुनं काहीतरी खोडायला हवं. आता खोडायचं काय? न्हावऱ्याची हळद? छे! तळेगावची मिरवणूक? जीव होईना. तो तिथंच बोट फिरवत राहिला, आणि लोकांच्या बोंबेला कंटाळून मास्तर पुन्हा वडगावावर आले. रस्ताभर पोरं बेभान नाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना सम्राटनं हळूच विचारलं, "मोनाली, ते नवं कसं होतं गं?"

"म्हंजी? तुम्ही न्हाई ऐकलं?"

"मी महेंद्रपाशी फोनमध्येच गुंतलो होतो."

"मी बसले होते की जीपमधी एकटी. लय गोड होतं. मला तर भरूनच आलं." आणि ती ओठांतल्या ओठांत गुणगुणायला लागली. सम्राटचा हात फोनकडं गेला, तशी ती थांबली.

"फोन ठेवा. मग म्हणते."

त्यानं फोन खिशात ठेवला, रेकॉर्डिंग चालू करून. मोनालीनं डोळे मिटले आणि सगळं म्हटलं, अगदी पहिल्यापासून, मन लावून. सम्राट समोर बसून मान डोलवत होता आणि त्याला एकच घोर लागला होता, खिशात फोनचा माईक वर आलाय का खाली गेलाय.