पिनरच्या पाळण्यातला मामोरू

मी एक जुना जपानी आहे, मित्रांनो. माणूस नव्हे हं, नुसतं नाव. मामोरू! हसलात ना? हसा खुशाल.

'रक्षण करणं' या साध्या जपानी शब्दातून मी जन्मलो. एके काळी तिकडच्या वर्गात मला हाक मारली की दोघे-तिघे उठून उभे राहायचे. आता नव्या आईबापांना मी जुनाट वाटतो. काही भित्र्यांच्या वाट्यालाही आलो, तेव्हा मला फार लाज वाटायची.

माझा शेवटचा धनी लंडनजवळच्या स्लाऊ गावी एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर होता. साठीचा, बुटका, एकटा. त्याच्या टीममध्ये पुण्याची वैभवी होती, सात महिन्यांची गरोदर. एके दिवशी भर दुपारी कामावरून काढलेला एक माणूस लोखंडी कांब घेऊन आत घुसला आणि दिसेल त्याला झोडपत सुटला. पळताना वैभवी पडली. माझ्या धन्याने तिच्यावर स्वतःचं अंग घातलं. कांब त्याच्या पाठीत बसत राहिली. धप्! धप्! हाडं मोडताना मी ऐकली. तो जागचा हलला नाही. लोकांनी त्या माणसाला धरलं, तोवर माझा धनी संपला होता. वैभवीचे कपडे त्याच्या रक्ताने भिजले होते. मी पोरका झालो.

वैभवीला मुलगा झाला. तिने हट्टच धरला, बाळाचं नाव मामोरू. लंडनच्या पिनर भागातल्या तिच्या घरात भांडण पेटलं.

"मेलेल्या परक्या माणसाचं नाव पाळण्यात? भलतंच!" नणंद मधुमती कडाडली. "आमच्या बाबांचं नाव ठेवायचं, विष्णू."

"ताई, अहो, तो नसता तर हे बाळच नसतं."

"आत्या मी आहे. कानात मी सांगेन तेच नाव."

नवरा परीक्षित बाळाचं दुपटं बदलायला आत सटकला. माझा जीव टांगणीला लागला.

बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकली, की मागच्या बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात, ठाऊक आहे ना? थट्टाच ती. मधुमती वाकली. "कुर्रर्र..." धप्! धप्!

वैभवी किंचाळली. धावत येऊन तिने मधुमतीच्या पाठीवर अंग टाकलं. "स्टॉप इट! मारू नका! मरतील त्या!" एक उगारलेला बुक्का आवरला नाही, तो वैभवीच्या पाठीत बसला. तरी तिने मिठी सोडली नाही.

बायकांनी हात मागे घेतले. वैभवीच्या अंगाखाली मधुमतीला रडू फुटलं. तशीच ती बाळाच्या कानाशी गेली. आता विष्णू म्हणाली, की मी गेलोच!

"मामोरू," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा एकदा.

मित्रांनो, हा पोरगा उद्या तुमच्या शाळेत येईल. त्याला मामू म्हणा, चिडवा, माझी हरकत नाही. पण कुणी कुणाला मारत असेल आणि हा मध्ये पडला, तर बघत उभे राहू नका. तुम्हीही धावा. मला त्याच्याबरोबर म्हातारं व्हायचंय.