घडी होणारी मशीन

इंद्रभाननं टोपी काढून सुनेच्या हाती दिली आणि तो ट्रेडमिलवर चढला. बैलगाडीत चढतात तसा, आधी गुडघा टेकवून.

"ताईंना चढू द्या ना काका," दुकानदार सागर म्हणाला. "पळणार त्या हायत."

"भर दुकानात? लोकांपुढं?"

लोक म्हणजे सागर आणि फ्रीज बघायला आलेलं एक जोडपं. संजीवनीनं हातातली टोपी पिळली. धुतलेलं फडकं पिळावं तशी, दोन्ही मुठींनी.

तिला वनरक्षक व्हायचं होतं. भरतीच्या मैदानात पळावं लागतं, म्हणून ती रोज पहाटे जानेफळच्या रस्त्यावर पळायची. गेल्या आठवड्यात चहाच्या टपरीवर कुणी तरी इंद्रभानला म्हणालं, "भाऊ, तुमची सून रोज पळून जाते अन् रोज वापसही येते. नशीबवान हाय तुमी." टपरी हसली. इंद्रभान कप तसाच ठेवून घरी आला आणि त्यानं सुनेचं रस्त्यावरचं पळणं बंद केलं. हसणाऱ्यांना दोन शब्द सुनावण्यापेक्षा मशीन घेणं त्याला सोपं वाटलं. मेहकर जवळ होतं, पण तिथं ओळखीचे लोक पाहतील म्हणून सगळे चिखलीला आले होते. पुण्याहून प्रज्वलनं फोनवर बापाला सांगितलं की तुमचं बरोबर हाय, आणि मग बायकोला सांगितलं की तुझंही बरोबर हाय.

"घडी होते ना पुरी?" इंद्रभाननं वरूनच विचारलं. "पाव्हणे आले तं दिसली नाई पायजे."

"पलंगाखाली जाते काका. दोन हॉर्सपॉवरची मोटर हाय."

"आमच्या हिरीवर पाचची हाय. पाचची दाखवा."

"काका, ही पाणी नाई उपसत."

"लाईन गेली तं?"

"तं थांबते."

"रस्त्याले लाईन लागत नाई, मामाजी," संजीवनी म्हणाली.

फ्रीजवाल्या जोडप्यानं फ्रीजचं दार उघडून आत तोंड घातलं.

"रस्त्याचं नाव नाई काढाचं," इंद्रभान ओरडला आणि त्याच रागात त्यानं समोरचं बटण दाबलं. पट्टा सुरू झाला. त्याला वाटलं, अजून एकदा दाबलं की थांबेल. मशीननं वेग वाढवला. तो दांडी धरून चालू लागला, मग झपझप, मग सरळ धावायलाच लागला. थांबव म्हणायला तोंड उघडत नव्हतं, कारण सून बघत होती. सुनेनं सागरकडे बघितलं, सागर प्लगकडे निघाला, आणि तिनं हात आडवा केला.

"पाहू द्या त्यायले नीट," ती म्हणाली. "घरात वापराची वस्तू हाय."

"थांबव बे!"

इंद्रभान खाली उतरला तेव्हा त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता. त्यानं सुनेच्या हातातून टोपी हिसकावली, टोपीला पडलेल्या सुरकुत्या बघितल्या आणि म्हणाला, "हीच द्या."

सासू कौशल्याबाई दाराजवळच्या स्टुलावर बसून होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मशीन आतल्या खोलीत उभी केली होती. इंद्रभाननं संजीवनीचे बूट स्वतः उचलून मशीनजवळ आणून ठेवले. बाहेरच्या दाराची कडी लावली.

"पूजा झाल्याबिगर सुरू नाई कराची," तो म्हणाला. "आपल्या घरात मिक्सरही तसा सुरू नाई झाला."

कौशल्याबाईनं तेलात कुंकू कालवलं. खाली बसली आणि पट्ट्याच्या बरोबर मधोमध हातभर स्वस्तिक काढलं. डावीकडे शुभ, उजवीकडे लाभ. मग नारळ फोडला, उदबत्ती लावली, हात जोडले. इंद्रभाननंही हात जोडले. जोडल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"तिथं काऊन काढलं वो? तिथं पाय ठेवा लागते!"

"मंग कुठी काढा? ट्रॅक्टरच्या बॉनेटवर काढतो आपण. याले बॉनेट दाखवा."

इंद्रभाननं मशीनला एक फेरी मारली. वाकून खालीही बघितलं.

"पूस ते."

"मी नाई पुसत. सवाष्ण बाई स्वस्तिक पुसते का? तुमी पुसा."

त्यानं कोपऱ्यातलं फडकं उचललं. उदबत्तीचा धूर सरळ त्याच्या तोंडावर येत होता. त्यानं फडकं भिंतीवर फेकलं.

"दुकानदार पिवर हरामखोर हाय," तो म्हणाला आणि गोठ्याकडे निघून गेला. जाताना कडी त्यालाच काढावी लागली.

संजीवनी बूट हातात घेऊन तिथंच उभी राहिली.

"उभी काय हाय?" कौशल्याबाई तिच्यावर खेकसली. "ऊन चढल्यावर जाशीन का पळाले?"

ती अजून उकिडवीच बसलेली होती. बोटांना तेलातलं कुंकू उरलं होतं. तिनं ते सावकाश आपल्याच भेगाळलेल्या टाचेवर चोळलं, आधी एका, मग दुसऱ्या, आणि पदर खोचून चहा ठेवायला उठली.