सुट्या सुभेदारबाई

सोमवारी सकाळी दमयंती सुभेदार प्रयोगशाळेत आली, तेव्हा विभागातली सगळी माणसं एकमेकांना जोडली गेली होती. रणदिवे सरांच्या कोपरापासून कीर्तन्यांच्या खांद्यापर्यंत, कीर्तन्यांच्या मानेपासून बेबीताईंच्या मनगटापर्यंत मधाच्या रंगाची पातळ, ओली कातडी ताणलेली होती. कुणाचं काही अडत नव्हतं. एकाने चहाचा कप उचलला की सगळ्यांचे हात थोडे वर जात.

दमयंतीने कातडी ओळखली. हायड्रोजनवर चालणाऱ्या विद्युतघटासाठी ती स्वतःच हा पडदा बनवत होती. घटातल्या अल्कली द्रावणात तो फुगायचा, फाटायचा. म्हणून शुक्रवारी तिने त्याच्या रेणूंच्या साखळ्या आडव्या टाक्यांनी एकमेकींना बांधल्या. पडदा टिकला. सरांनी पहिल्यांदाच तिचं कौतुक केलं.

"सुभेदार, तुम्ही अजून सुट्याच?" सर म्हणाले.

"सर, हे सोडवायला हवं."

"सुट्या साखळ्या विरघळतात. तुम्हीच सांगितलंत ना?"

"धरा तिला," कीर्तने म्हणाले. तिच्याकडे न बघता.

तिने कात्री घेऊन सर आणि कीर्तन्यांमधली कातडी कापली. कुणी ओरडलं नाही. दोन टोकं क्षणभर लोंबली, मग दोन्ही तिच्या दिशेने वळली.

"फार शहाणी समजते स्वतःला," बेबीताई म्हणाल्या. रोज तिच्यासाठी चाफ्याचं फूल आणणाऱ्या बेबीताई. सगळे एकदमच एक पाऊल पुढे आले, आणि त्यांच्याबरोबर भिंतीही.

दमयंती दाराकडे धावली. दाराच्या चौकटीत तोच पडदा ताणलेला होता. पलीकडे तिची धाकटी बहीण मैथिली न्याहारीचा डबा घेऊन उभी होती.

"ताई, येतेस ना?"

दमयंतीने अंग झोकून दिलं. पडदा नुसता वाकला. अगदी बारीक तेवढंच पार जाईल, बाकी सगळं अडेल, असा तिनेच तो घडवला होता.

"मैथिली, मला बाहेर काढ!"

तिचा आवाज पार गेला. गेला तो गेलाच. घशात काही उरलं नाही. पलीकडे तो मैथिलीच्या शेजारी जाऊन थांबला.

"चल गं," तो दमयंतीच्याच सुरात म्हणाला, "भूक लागलीये."

मैथिली हसली. बोलत बोलत दोघी जिना उतरू लागल्या.

दमयंतीने तोंड उघडलं. मागून एक कोमट, ओला तळवा तिच्या मानेवर टेकला आणि हळूहळू पसरू लागला.